नऊ कागदांवर माझं नाव

काचेची सिरिंज उकळायची एक रीत असते. नळी आणि दट्ट्या वेगळे करायचे, दोन्ही फडक्यात गुंडाळायचे, म्हणजे उकळताना एकमेकांवर आपटून तडा जात नाही. सुया वेगळ्या तबकात. पाणी खळखळायला लागलं की तिथून वीस मिनिटं धरायची, स्टोव्ह पेटवल्यापासून नाही. मग चिमट्याने उचलायचं, बोट लावायचं नाही. आता सगळं प्लॅस्टिकचं आलं, एकदा टोचलं की फेकून दिलं. पण सत्तर ते ऐंशीच्या मधल्या वर्षांत कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात ज्याला ज्याला सुई टोचली, त्याची सुई आधी माझ्या हातातून गेली होती. बोथट झाली की मी ती दगडावर घासायचे आणि कापसावरून ओढून बघायचे. कापसाचा तंतू अडकला की पुन्हा घासायचे. पेशंट म्हणायचे, नव्या डॉक्टरचा हात लई हलका हाय. मी पुढची सुई घासायला घ्यायचे.

हे लिहायला मला भाचीने बसवलं. दिवाळी अंकात डॉक्टर मंडळी लिहितात, तू का नाही, असं तिचं म्हणणं. मी सहावीतून शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ तिने दुरुस्त केलं आहे, बाकी जे आहे ते माझं. केंद्राच्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं अंक वाचत असतील. डोंगरकड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव, एवढं पुरे. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता. आमची वरची कचेरी लांब होती आणि तिथून पाकीट आलं की सगळे आधी आपलं नाव शोधायचे.

मी मूळची देवगडकडची. वडील मचव्यावर खलाशी होते. ते गेले आणि माझी शाळा सुटली. माझी मावशी सरकारी नर्स, तिची नेमणूक या बाजूला झालेली. एकटीने राहायचं तिला भय वाटे, म्हणून ती मला घेऊन आली. यष्टीने तीन दिवस. पहिल्या दिवशी समुद्र दिसेनासा झाला, दुसऱ्या दिवशी झाडं कमी झाली, तिसऱ्या दिवशी नुसती काळी जमीन. भात नाही, मासे नाहीत. ज्वारीची भाकरी थापायला मला चार महिने लागले. शेजारच्या बाया माझी भाकरी बघून तोंडाला पदर लावायच्या आणि मग आपल्या दोन भाकरी गुपचूप आमच्या टोपलीत ठेवून जायच्या.

दोन वर्षांनी मावशीला रत्नागिरीची बदली मिळाली. ती घरी गेली आणि मी राहिले, कारण तेवढ्यात मला हंगामी स्त्री परिचर म्हणून ऑर्डर मिळाली होती. परिचर म्हणजे झाडणं, पुसणं, उकळणं, बाळंतिणीपाशी बसणं, आणि ज्या कामाला नाव नाही ते सगळं. हंगामी म्हणजे एकोणतीस दिवसांची नेमणूक. तिसाव्या दिवशी नोकरी तुटायची आणि एकतिसाव्या दिवशी नवी ऑर्डर निघायची. मधल्या त्या दिवसाला खंड म्हणत. खंडाच्या दिवशी हजेरीपटावर मी नसायचे, पण केंद्रात असायचेच. न गेले आणि माझ्यावाचून काम अडलं नाही असं कुणाच्या ध्यानात आलं तर, ही भीती.

भाषेचंही एक होतं. पहिल्याच महिन्यात एक म्हातारा केंद्राच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “पोरी, मी उद्या सकाळी येऊन राहिलो.” मी कोकणातली. मला वाटलं, हा मुक्कामाला येणार. मी खाट झाडली, धुतलेली चादर घातली, मातीचं मडकं भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा आला, खोकल्याचं औषध घेतलं आणि निघाला. मी म्हटलं, बाबा, खाट तयार आहे. तो भेदरून डॉक्टरकडे गेला, म्हणाला, मला असं काय झालं की ही बाई मला निजवून राहिली? तेव्हा आमच्या कंपाउंडरने, गफूरचाचांनी, मला बाजूला घेऊन समजावलं की इथे ‘येऊन राहिलो’ म्हणजे नुसतं येणं. राहायचा काही संबंध नाही. पुढे कित्येक दिवस मी दिसले की चाचा म्हणायचे, “बेटी, मी चहा पिऊन राहिलो. खाट नको टाकू.”

अशा ठिकाणी एका डिसेंबरात डॉक्टर शरयूबाई आल्या.

त्या आमच्या केंद्राच्या डॉक्टर नव्हत्या. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाच-सहा वर्षं काम केलेल्या, तिशी उलटलेल्या. आता पुन्हा शिकायला लागल्या होत्या. डॉक्टरकीच्या वरचं शिक्षण. पण ते रोगाचं नव्हतं. दवाखाना चालवताना डॉक्टरने माणसं कशी बरोबर घ्यायची, त्यांच्या पुढे कसं उभं राहायचं, याचा तो अभ्यास. त्यासाठी त्यांनी आठ महिने एका खेड्यातल्या केंद्रात राहायचं आणि तिथल्या कामाचा प्रबंध लिहायचा. मला हे ऐकून गंमत वाटली. एवढ्या शिकलेल्या बाईची अजून परीक्षा बाकी आहे, आणि तीही आमच्यासारख्या माणसांपुढे द्यायची.

क्वार्टर एकच रिकामं होतं, ते माझ्या खोलीला लागून. मधे नुसतं पत्र्याचं दार. त्यांची चार वर्षांची मुलगी शहरात आजीपाशी होती. तिने काढलेलं एक मांजराचं चित्र त्यांनी भिंतीला लावलं होतं. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘सुलोचनाबाई’ म्हणाल्या. तोवर मी ‘ए कोकणी’ होते, नाहीतर ‘पोरी’. बाई म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कुणाला म्हणतात म्हणून.

हात त्यांचा सोन्यासारखा. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की शब्द अडायचे. त्यांच्या मास्तरांनीच त्यांना सांगितलं होतं म्हणे, तुम्ही उत्तम डॉक्टर आहात पण तुमच्या हाताखाली कुणी काम करणार नाही. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, भाकरी थापताना. त्यांचीही भाकरी फाटायची. मला फार बरं वाटायचं.

त्या येऊन पंधरा दिवस झाले असतील. आमचे मोठे डॉक्टर रजेवर गेले आणि नेमका त्या सकाळी लमाण तांड्यावरून एक माणूस पळत आला. दहा-बारा जणांना उलट्या-जुलाब, एक म्हातारा तर गेलाच होता. सगळा स्टाफ व्हरांड्यात जमला आणि शरयूबाईंकडे बघायला लागला. बाई उभ्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ड्रायव्हर चावी फिरवत होता. लस टोचणारे वाठोरेभाऊ मान खाली घालून चपलेने माती उकरत होते. कुणी हलेना, कारण कुणी सांगत नव्हतं.

आता माझी रीत सांगते. मी सगळ्यांत खालची, तीही हंगामी. मी कुणाला काम सांगू शकत नव्हते. म्हणून मला एक सवय लागली होती. ज्याचं काम त्यालाच विचारायचं, मी करू का? मी चाचांना म्हटलं, सलाइनची पेटी मी उचलू का? चाचा म्हणाले, तुझ्याच्यानं कशी उचलंल, बाजूला हो, आणि पेटी त्यांनी उचलली. वाठोरेभाऊंना म्हटलं, विहिरीत टाकायची पावडर मी काढू का, कुठे असते? ते म्हणाले, तुला न्हाई सापडायची ताई, मीच आणतो. ड्रायव्हरला विचारलं, जीपमधली मागची फळी मी काढू का, माणसं निजवायला? त्याने फळी काढली. मग मी बाईंजवळ गेले आणि हळू म्हटलं, बाई, मीठ-साखरेच्या पाण्याचं पातेलं घेऊ का? त्यांनी मान हलवली. एकदा मान हलली की माणूस पुढे जातो. जीपमध्ये बसेपर्यंत त्यांचा आवाज परत आला होता.

तांड्यावर खाटा कमी पडल्या. सलाइनच्या बाटल्या आम्ही कडुलिंबाच्या फांद्यांना बांधल्या. एक तरुण सून होती, डोळे खोल गेलेले, आणि तिची सासू तिला सुई टोचू देईना. हात आडवे धरून उभी. बाटली लावली तो माणूस मेला, असं तिने एकदा तालुक्याला बघितलं होतं. डॉक्टरबाई समजावून थकल्या. मी म्हातारीला विचारलं, “याडी, बाटली मी धरू का, का तू धरतीस?” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “दुसऱ्याच्या हातात देईन व्हय माझ्या लेकराची?” बाटली तिने स्वतः उंच धरली. उन्हं कलली तरी धरलेली. बदली बाटली लावायची तरी तिला हात खाली घ्यायला सांगावं लागे. सून वाचली. त्या दिवशी आम्ही पोचल्यानंतर तांड्यावर कुणी दगावलं नाही.

परत आल्यावर शरयूबाई पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, तुम्ही कुणालाच काही सांगितलं नाहीत, तरी सगळं झालं कसं? मला वाटलं, बोलणी बसणार. मी म्हटलं, चुकलं असेल तर पुन्हा नाही करणार. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला ती वही फार दिवस टोचत राहिली.

मार्चमध्ये त्यांच्या प्रबंधाचे कागद शहरातून छापून आले. मूळ इंग्रजीत होतं, मराठी तिथल्याच कुणीतरी केलेलं. बाईंनी ते वाचून ठीक म्हटलं होतं. आम्हा अकरा जणांना एकेक कागद दिला. नाव लिहायचं नाही, सही करायची नाही, भरून घडी घालून पेटीत टाकायचा. त्या स्वतःही वाचणार नव्हत्या. सगळे सीलबंद करून वरच्या कचेरीमार्फत मास्तरांकडे जायचे, ते मोजणार. कागदावर पहिला प्रश्न असा होता: ‘आपल्या केंद्रातील पुढारी कोण?’

शहरात या शब्दाचा अर्थ काय घेतात मला ठाऊक नाही. बाईंच्या मनात होतं, जो पुढे होऊन चार जणांना बरोबर नेतो तो. आमच्या केंद्रात मात्र हा शब्द ऐकला की माणसं गप्प व्हायची. आदल्या वर्षी जखमा बांधणाऱ्या एका ड्रेसरने क्वार्टरच्या गळक्या पत्र्यांबद्दल अर्ज लिहिला आणि चौघांच्या सह्या घेतल्या. ‘लई पुढारी होऊन राहिला का?’ असं त्याला विचारलं गेलं आणि महिन्याभरात त्याची अशा ठिकाणी बदली झाली की जिथे यष्टी जात नव्हती. तेव्हापासून पुढारी म्हणजे ज्याचं नाव वर जातं तो.

दुपारी केंद्राच्या आवारातल्या लिंबाखाली सगळे जमले. मला बोलावलं नाही. मी आत सुया घासत होते. संध्याकाळपर्यंत अकरा कागद पेटीत पडले. मी माझ्या कागदावर लिहिलं होतं: ‘इथे पुढारी कोणी नाही. सगळी साधी माणसे आहेत.’ आपण स्टाफला वाचवलं असं मला वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. फोडलेलं. सोबत मोठ्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र. त्यांनी ते मला वाचायला दिलं, कारण त्यांना स्वतःला वाचून दाखवायला जड जात होतं. ‘हंगामी परिचर सुलोचना ही पुढारीपणा करीत असल्याचे नऊ कर्मचाऱ्यांच्या लेखी उत्तरांवरून निदर्शनास आले आहे. सबब सदरहू कर्मचाऱ्याची नेमणूक पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात येऊ नये. खुलासा मागवावा.’ माझ्या नेमणुकीचे अकरा दिवस उरले होते.

मी खोलीत जाऊन पेटी उघडली आणि पातळं घड्या घालून ठेवायला लागले. वेडेपणाच, अकरा दिवस होते. पण मला दुसरं काही सुचेना. घरी आई आणि धाकटा भाऊ. घरी जाऊन सांगायचं काय? की मी पुढारी झाले म्हणून मला काढलं? मला चारचौघांत पाणी मागायला लाज वाटते, हे आईला ठाऊक होतं. तिने विश्वास ठेवला नसता.

नऊ जणांनी. हे नऊ जण रोज माझ्या हातचा चहा प्यायचे.

वाठोरेभाऊ दारात आले. “ताई, काहून रडून राहिली?” मी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. मग गफूरचाचांना हाक मारली. चाचा आले, पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“बेटी, आम्ही हिशेब केला व्हता,” ते म्हणाले. “ज्याचं नाव लिहू त्याची बदली व्हणार. बराबर? वाठोरेची म्हातारी हाय. माझ्या दोन पोरींची लग्नं. सिस्टरचं लेकरू शाळेत. पण हंगामी माणसाची बदली व्हतच न्हाई. तसा कायदाच न्हाई. बदली फकत कायम माणसाची. म्हणून तुझं नाव. तुला काय तकलीफ व्हणार?”

“चाचा, बदली होत नाही. पण काढून टाकतात.”

चाचांनी पत्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे सुचलं नव्हतं, कारण कायम माणसाला नोकरी जाईल असं वाटतच नाही, फार तर लांब जाईल. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचा हिशेब मला पटला, म्हणून जास्त रडू आलं.

पत्र्याच्या दारापलीकडे शरयूबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या फोडलेलं पाकीट घेऊन बाहेर आल्या, खाली सतरंजीवर बसल्या आणि एकेक कागद उलगडायला लागल्या. वाचायचे नाहीत हा नियम होता, पण आता ते कुणीतरी वाचलेच होते. पहिल्या प्रश्नाखाली माझं नाव, माझं नाव, माझं नाव. ‘सुलोचना’, ‘कोकणी सुलोचना’, एकाने तर ‘सुलोचनाबाई (हंगामी)’ असं कंसासकट. एकाने ती जागा कोरीच सोडली होती. आणि मग त्या थांबल्या.

कागदाला दुसरा प्रश्न होता. ‘अडचणीच्या वेळी आपण प्रथम कोणाकडे जाता? एक प्रसंग लिहा.’ वरच्या कचेरीत पहिल्या प्रश्नावरच लाल रेघ मारून कागद मिटला गेला होता. लिंबाखालीही मसलत झाली ती पहिल्याच प्रश्नाची. दुसऱ्याचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो ज्याने त्याने घरी जाऊन, आपापल्या मनाने लिहिला होता.

बाई वाचायला लागल्या. हळू, जवळजवळ स्वतःशी. ‘बायको अडली तेव्हा मी सुलोचनाताईला उठवली. डॉक्टरला तिने आणलं. मुलगी झाली.’ वाठोरेभाऊंनी मान फिरवली. ‘जीप बंद पडली त्या दिवशी कोकणीने लसीचा बर्फ डोक्यावर आणला.’ ‘माझे भांडण झाले होते घरी. तिच्या खोलीत बसलो. तिने काही विचारले नाही. चहा दिला.’ पुढचा कागद त्यांनी उघडला, अर्धा मनातच वाचला. त्यांनी तो चाचांकडे केला.

चाचांनी हात जोडले. “वाचा, डॉक्टरसाब. आता काय.”

त्यावर लिहिलं होतं: ‘चष्मा फुटला. बाटलीवरची अक्षरे दिसत न्हाईत. कोणाला सांगायची शरम. पंधरा दिवस झाले, बेटी नावे वाचून देते.’

हे खरं होतं. सहावीपर्यंत जितकं इंग्रजी आलं तितकं. मी एकेक अक्षर वाचायचे, चाचा औषध ओळखायचे. हे आम्ही दोघांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कंपाउंडरला दिसत नाही हे वर कळलं असतं तर बदली नव्हे, घरीच बसावं लागलं असतं. पहिल्या प्रश्नाला स्वतःला वाचवायला माझं नाव लिहिणाऱ्या माणसाने दुसऱ्या प्रश्नाला स्वतःची नोकरी कागदावर ठेवली होती, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. विचारलं तसं खरं लिहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या यष्टीने बाई मला घेऊन वरच्या कचेरीला निघाल्या. वाटेत जवळा बाजारला गाडी थांबली, बाजाराचा दिवस होता, बाया-माणसं टोपल्यांसकट गाडीत चढली. बाईंच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी आली. त्या पुन्हा पुन्हा ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होत्या. “साहेब, माझं असं म्हणणं आहे,” आणि पुढे अडायच्या. मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. मी म्हटलं, बाई, नाहीतर मी एकटी आत जाऊ का? त्या माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, “ही तुमची रीत माझ्यावर नका चालवू.”

साहेब वाईट माणूस नव्हते. समोर फायली, कपाळावर आठ्या. त्यांनी विचारलं, पुढारी नाही म्हणता, मग नऊ जणांनी खोटं लिहिलं का? बाई उभ्याच होत्या. ओठ पुन्हा नुसते हलत होते. मला व्हरांड्यातली ती सकाळ आठवली. पण या वेळी मी काही विचारू शकत नव्हते, इथलं कुठलंच काम माझ्या हातातलं नव्हतं.

“शब्द चुकला, साहेब,” बाई म्हणाल्या. “त्यांचा नाही. माझा. मी तो वाचून बरोबर म्हटला होता.”

मग त्यांनी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वाचली. चार-पाच वाचली. चाचांचा कागद वर आला तेव्हा त्यांनी तो न थांबता खाली सरकवला आणि पुढचा घेतला. साहेबांनी ते बघितलं असावं. तो कागद मात्र त्यांनी मागितला नाही.

“प्रश्नच चुकीचा होता असं तुम्ही लिहून दिलंत,” ते म्हणाले, “तर हे सगळे कागद बाद. तुमचा प्रबंध बाद. या वर्षीची परीक्षा गेली. हे कळतं ना तुम्हाला?”

“कळतं,” बाई म्हणाल्या. “लिहून देऊ का?”

साहेबांनी कागद पुढे केला. त्या लिहीत असताना ते माझ्याकडे वळले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. म्हणाले, “घाबरतेस काय गं?” मी म्हटलं, हो साहेब. ते शेजारच्या क्लार्कला म्हणाले, “हिला पुढारी म्हणतात.” क्लार्क हसला. साहेबांनी लाल शाईने पत्रावर तिरकं लिहिलं, खुलासा मान्य, नेमणूक नियमाप्रमाणे चालू ठेवावी. मला ते उलटं वाचता आलं नाही. बाईंनी बाहेर आल्यावर सांगितलं.

परतीच्या गाडीत मी त्यांना खिडकीची जागा दिली. त्याहून दुसरं द्यायला मला काही सुचलं नाही. आभार मानायचे असतात हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी तोंडातून शब्द आला नाही, आणि नंतर वेळ गेली असं वाटत राहिलं. त्याची खंत अजून आहे. त्यांच्या मुलीपासून त्या आणखी सहा महिने लांब राहिल्या, ते माझ्यामुळे. मांजराच्या चित्राशेजारी मग घराचं एक चित्र आलं, मग बैलगाडीचं. बैलगाडी तिने कुठे पाहिली असेल कोण जाणे.

मी पुढे कायम झाले, आणि कायम झाल्यावर बदलीही झाली, पण ती तालुक्यातल्या तालुक्यात. बाई पास झाल्या, मोठ्या दवाखान्याच्या मुख्य झाल्या. चाचांनी नवा चष्मा केला. घालून आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, तू इतकी काळी असशील असं वाटलं न्हवतं.

पण ते नंतरचं. जूनमध्ये बाई नव्याने प्रश्न लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. पुढारी तर नकोच. नायक? वाठोरेभाऊ म्हणाले, नायक तांड्याचा असतो. मुख्य? मुख्य म्हणजे मोठे डॉक्टर. प्रमुख? तेही तेच. बाईंनी डोळे चोळले. म्हणाल्या, सुलोचनाबाई, तुम्ही कसं विचाराल? मी म्हटलं, माणूस अडला की हाक मारतो. कुणाला हाक मारता, एवढंच विचारा. त्यांनी ते तसंच लिहिलं.

नवे कागद आले. आम्ही अकरा जण पुन्हा व्हरांड्यात. या वेळी लिंबाखाली कुणी जमलं नाही. वाठोरेभाऊंनी भिंतीला टेकून लिहिलं, चाचांनी औषधाच्या खोलीत. मी माझा कागद खोलीत नेला, स्टोव्हजवळ बसले आणि फार वेळ घेतला. ‘अडल्यावेळी कोणाला हाक मारता?’ याखाली मी लिहिलं: ‘डॉक्टर शरयूबाई.’ प्रसंग लिहायला तीन ओळी होत्या. मी लिहिलं, ‘मी दारात उभी होते. त्यांना बोलता येत नव्हते. त्या बोलल्या.’

खाली बारीक अक्षरात छापलं होतं, नाव किंवा सही करू नये. मी ते वाचलं. मग माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलं, आणि सही केली.